दोनाचे दहा

तिसऱ्या मजल्यावरच्या दालनात त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. खरेदी विभागातली माणसं काम टाकून आली होती, स्वागतकक्षातली मुलगी दाराशी चवड्यांवर उभी होती, आणि सॉफ्टवेअरची चाचणी म्हणजे काय हे ज्यांना कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं, तेसुद्धा समोरच्या पडद्याला डोळे लावून बसले होते. पडद्यावर ठिपके होते. एक हजार आठशे सेहेचाळीस. सगळे हिरवे.

आमची कंपनी औषधाचे पंप बनवते. आजारी मुलाच्या शिरेत बारीक नळीतून हळूहळू औषध ढकलणारं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. किती औषध, किती वेगाने, हे आतला प्रोग्रॅम ठरवतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे त्या प्रोग्रॅमची एक परीक्षा. त्याला प्रश्न घालायचा आणि त्याचं उत्तर आपण लिहून ठेवलेल्या बरोबर उत्तराशी ताडून पाहायचं. जुळलं तर ठिपका हिरवा, नाही जुळलं तर लाल.

पडद्याशेजारी उभे असलेले गृहस्थ बाहेरून आलेले सल्लागार होते. पांढरा शर्ट, शांत चेहरा, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागे. पुढे झुकलेला माणूस अर्धा पटलेलाच असतो, हे त्यांना ठाऊक असावं.

"चाचणी ही निर्जीव वस्तू नाही," ते म्हणाले. "तिला जखम होते. आणि योग्य ज्ञान मिळालं, तर ती स्वतःची स्वतः बरी होते. कुणीतरी प्रोग्रॅममध्ये बदल करा. कुठलाही. मी बघणार नाही."

आणि ते खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आमच्या प्रोग्रॅमरला सगळे चष्मिस म्हणतात. तो उठला आणि त्याने पंपाच्या पडद्यावरचं एक बटण डावीकडून उजवीकडे हलवलं. सात ठिपके लाल झाले. दालनात कुजबुज झाली.

"घाबरू नका," भिंतीकडूनच आवाज आला. "तिला वेळ द्या."

चाळीस सेकंद गेले. मी मोजले. मग एकेक करून साती ठिपके हिरवे झाले, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मोठे साहेब तर उभे राहून वाजवत होते.

मागच्या रांगेतून बाईंनी विचारलं, "तापमापक फोडला की ताप उतरतो, त्यातला हा प्रकार नाही ना?"

बाई म्हणजे आमच्या वरिष्ठ चाचणी अभियंता. बावीस वर्षं हेच काम. प्रोग्रॅमरांचं काम शाळेच्या वहीसारखं तांबडं करून परत पाठवतात, म्हणून सगळे बाई म्हणतात. सल्लागार वळले आणि फार गोड हसले.

"ताई, शंका हासुद्धा दोषच आहे. फक्त तो सॉफ्टवेअरमध्ये नसतो, मनात असतो."

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून बाई त्यांना बुवा म्हणू लागल्या, पण ते फक्त माझ्यासमोर.

माझं हसण्याचं कारण सांगायला हवं. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन वर्षभरापूर्वी लागले होते आणि बाईंनी मला एकच काम दिलं होतं. रोज सकाळी लाल ठिपके वाचायचे. लाल ठिपक्याचे दोनच अर्थ असतात. एक तर प्रोग्रॅम चुकला, नाहीतर आपण लिहून ठेवलेलं उत्तर जुनं झालं. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. कुठलं खरं, ते माणसाने डोकं घालून ठरवायचं. कधी तीन ठिपके, कधी तीस. डोळे दुखायचे, मान आखडायची. बुवांचं ते ठिपके बरे करणारं यंत्र आमच्या संगणकांवर बसलं आणि सकाळी एकही लाल ठिपका दिसेना. मला सुटल्यासारखं वाटलं. मी माहितीपुस्तिका लिहायला बसले, चहा गरम असताना प्यायला लागले.

बाईंनी दोनदा लेखी विचारलं की ठिपका बरा होतो म्हणजे नेमकं काय होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं की ते व्यापारी गुपित आहे. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "बाई, रोज दिवस उगवतो तसे ठिपके हिरवे आहेत. आता आणखी काय पुरावा पाहिजे?" महिना गेला. बाईंनी विचारणं सोडलं.

मग एका बुधवारी पत्र आलं.

आमचे दोन नवे पंप एका मुलांच्या रुग्णालयात वापरून बघायला दिले होते. तिथल्या सात महिन्यांच्या मुलीला हृदयाचं औषध ताशी दहा मिलिलिटरवरून दोनवर आणायचं होतं. ते दोनवर आलंच नाही. तपासणीसाठी तिला खालच्या मजल्यावर नेऊन परत आणेपर्यंत पाचपट वेगाने औषध अंगात गेलं होतं. मुलगी कृत्रिम श्वासावर होती. पंपाची अंतर्गत नोंद सांगत होती: दहा, दहा, दहा. परिचारिका सांगत होती, मी दोन केलं होतं. परिचारिकेला कामावरून घरी बसवलं होतं आणि तिच्यावर चौकशी लावली होती.

साहेबांनी उत्तराचा मसुदा करून ठेवला होता. *आमच्या सर्व १८४६ चाचण्या निर्दोष आहेत. यंत्राच्या नोंदीनुसार दर कमी केला गेला नाही.* खाली बाईंच्या सहीची जागा. दुसरा कागद सोमवारचा होता, आणखी अकरा रुग्णालयांना पंप रवाना करण्याचा. त्यावरही सहीची जागा.

"आधी मी करून बघते," बाई म्हणाल्या.

"काय करून बघता? सगळं हिरवं आहे."

"तिने जे केलं ते."

त्या दिवशी आम्ही टेबलावर पंप मांडला, पुढे पाण्याची सिरिंज, खाली वजनकाटा. दहावर सुरू करायचं, थांबवायचं, दोन करायचं, सुरू करायचं, भिंतीतला प्लग काढून बॅटरीवर न्यायचं. बारा वेळा केलं. बाराही वेळा काट्यावर दोनाचंच पाणी पडलं. चष्मिस येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "बाई, भूत शोधताय होय? ते अमावास्येला निघतं." त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण बाईंचा चेहरा मला बघवेना.

"म्हणजे सिस्टरच चुकल्या," मी म्हटलं.

"किंवा आपण त्यांच्यासारखं करत नाही आहोत." बाईंनी पंप पिशवीत घातला. "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर."

सिस्टर एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहत होत्या. दार नवऱ्याने उघडलं.

"ती कुणाशी बोलत नाही."

"आम्ही पंपाच्या कंपनीतून आलोय."

"मग तर नाहीच."

आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना. मला बघायचंय कशी दिसतात ही माणसं."

सिस्टर पस्तिशीच्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. बाई आपणहून बसल्या.

"चूक कुणाची, ते मी विचारायला आले नाही. तुमच्या हातांनी काय केलं ते क्रमाने सांगा."

"चौकशीत सांगितलंय. सगळं नीट केलं."

"नीट हा शब्द नको. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर?"

"अहो, सोळा वर्षं करतेय मी हे. बटणं मोजून करत नाही कुणी." त्यांचा आवाज चढला. "तुमचं यंत्र कधी चुकत नाही ना? मग कशाला आलात?"

बाईंनी पिशवीतून पंप काढून टेबलावर ठेवला आणि त्याचा प्लग भिंतीत लावला. "तोंडाने नको मग. हातांना सांगू दे."

सिस्टर पुढे झाल्या. पंप दहावर चालू केला, थांबवला, दोन आकडा घातला, पडद्याकडे मान वाकवून दोनदा पाहिलं. उजव्या हाताने सुरूचं बटण दाबलं, आणि ते दाबतादाबताच डाव्या हाताने भिंतीतला प्लग ओढला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "इतक्या लगेच?"

"लिफ्ट धरून ठेवली होती. वॉर्डातले मामा ओरडत होते, चला म्हणून. ती लिफ्ट एकदा सोडली की पुन्हा पंधरा मिनिटं येत नाही."

आम्ही बाराही वेळा प्लग काढण्याआधी मिनिटभर थांबलो होतो. प्रयोगशाळेतली शिस्त, यंत्र स्थिर होऊ द्यायचं, मग वाचन घ्यायचं. ती शिस्त माझीच होती. मीच घड्याळ धरून उभी होते.

"पडद्यावर काय आहे?" बाईंनी विचारलं.

"दोन," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हाही दोनच होतं. मी शपथेवर सांगितलं."

"दोनच आहे. आता ऐका."

पंपाची मोटर टिकटिक करते. दोनाच्या दराला मिनिटात बारा टिक्. मी घड्याळ लावलं. खालून शिलाईयंत्राची घरघर तेवढी येत होती. मिनिट संपलं तेव्हा माझा आकडा साठ झाला होता.

"साठ म्हणजे दहाचा दर," मी म्हणाले. "पडदा दोन दाखवतोय, पण मोटर दहाने चाललीय."

नवरा दाराची चौकट धरून उभा होता, तो तिथेच खाली बसला. सिस्टरांनी मात्र सुटकेचा श्वास वगैरे सोडला नाही. त्या पंपाकडे बघत हळूच म्हणाल्या, "मग मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं."

"लिफ्टमध्ये? रडत्या मुलीशेजारी?" बाई म्हणाल्या. "नाही सिस्टर. ऐकायचं काम आमचं होतं."

परत आल्यावर काट्यावर करून पाहिलं. पाव तासात अर्धा ग्रॅम पाणी पडायला हवं होतं, अडीच ग्रॅम पडलं. सहा वेळा केलं, साही वेळा तेच. कारण चष्मिसने तासाभरात शोधलं. दोन महिन्यांपूर्वी त्यानेच प्रोग्रॅम बदलला होता. नवा दर कायमच्या स्मृतीत मिनिटातून एकदाच लिहिला जाई. मिनिट भरायच्या आत प्लग निघाला, तर मोटर स्मृतीतला जुना दर उचले. पडदा नवा दाखवत राही, नोंदवहीत जुना उतरे. त्याने चष्मा काढून ठेवला.

"हे झालं प्रोग्रॅमचं," बाई म्हणाल्या. "पण हिरवं का होतं? प्लग ओढण्याची चाचणी आपल्याकडे आहे. क्रमांक चारशे बारा. बारा वर्षांपूर्वी मीच लिहिली."

त्यांनी ती चाचणी उघडली. प्रश्न तोच होता: दहावरून दोन करा, लगेच प्लग काढा, दर किती? खाली बरोबर उत्तराची जागा. बाईंनी तिथे बारा वर्षांपूर्वी दोन लिहिलं होतं.

आता तिथे दहा होतं.

शेजारी तारीख, वेळ, आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात बुवांच्या यंत्राचं नाव. दोन महिन्यांपूर्वी, चौदा तारखेला, दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी चारशे बारा नंबरचा ठिपका लाल झाला होता. चाळीस सेकंदांनी हिरवा झाला होता.

शनिवारी सकाळी रुग्णालयातून फोन आला. मुलगी पहाटे गेली होती. फोन बाईंनी घेतला. त्या "हो" म्हणाल्या, पुन्हा एकदा "हो" म्हणाल्या, आणि मग दालनात गेल्या. साहेबांना बुवांबरोबरची ही बैठक बंद खोलीत हवी होती. बाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं.

"माझ्या यंत्राविषयी गैरसमज पसरवला जातोय असं ऐकलं," बुवा सौम्यपणे म्हणाले. "श्रद्धा ढळली की माणसाला सगळीकडे दोष दिसतात."

"एक नवी चाचणी घालते," बाई म्हणाल्या. "दोन आणि दोन किती? बरोबर उत्तर, चार."

ठिपका हिरवा.

"चष्मिस, आता तुझ्या प्रोग्रॅमला पाच म्हणायला लाव."

"हे यंत्र असल्या पोरकट खेळांसाठी नाही," बुवा म्हणाले.

"पोरकटच आहे. म्हणून सगळ्यांना कळेल."

ठिपका लाल झाला. दालनात सगळे तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत होते. चाळिसाव्या सेकंदाला तो हिरवा झाला. बाईंनी उत्तराची जागा उघडून पडद्यावर मोठी केली. तिथे पाच लिहिलेलं होतं.

"आता सात कर."

लाल. चाळीस सेकंद. हिरवा. उत्तर सात.

मग स्वागतकक्षातली मुलगी दारातून म्हणाली, "म्हणजे मुलाचं उत्तर चुकलं तर पेपर तपासणाऱ्याने आपल्याकडचं बरोबर उत्तरच बदलायचं? मग नापास कोण होणार?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "तेच ते व्यापारी गुपित."

"यंत्र बदलाशी जुळवून घेतं," बुवा म्हणाले. आवाज अजून हळूच होता, पण आता कुणी पुढे झुकत नव्हतं. "त्या दिवशी बटण हलवलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात."

"बटणापुरतं खरं होतं ते. हललेलं बटण तुमचं यंत्र शोधून काढतं, चांगलं काढतं. पण बटण कुठे आहे हा एक प्रश्न झाला आणि औषध किती गेलं हा दुसरा. दुसऱ्यात जुळवून घ्यायचं नसतं. ते उत्तरही बदलतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"करारात स्पष्ट आहे. पान एकोणचाळीस. अपेक्षित मूल्यांचं स्वयंचलित अद्ययावतीकरण."

साहेबांनी मान खाली घातली. पान एकोणचाळीस कुणी वाचलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "चौदा तारखेला त्याने दोनाचे दहा केले. पंधरा तारखेला ते दोन पंप रुग्णालयात गेले. रवानगीच्या कागदावर सही माझी आहे. मला उत्तर मिळालं नव्हतं, तरी मी सही केली. रोज हिरवं बघून माझाही हात सैल पडला."

"बाई, हे इथे बोलायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"मग कुठे बोलू? ती मुलगी आज पहाटे गेली."

ही गोष्ट तिथल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हती. बुवांनी आपला संगणक मिटला, पिशवीत घातला आणि ते निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. पुढच्याच महिन्यात ते दुसऱ्या एका कंपनीत तेच प्रात्यक्षिक दाखवत असल्याचं कळलं. बाईंनी त्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

अकरा रुग्णालयांची रवानगी थांबली. बुवांचं यंत्र काढून टाकलं. त्याने बसल्यापासून बदललेली उत्तरं मी एकेक करून तपासली. त्रेसष्ट होती. एकोणसाठ निरुपद्रवी निघाली. चार नव्हती. सिस्टरांची चौकशी मागे घेतली गेली. त्या कामावर परत गेल्या, पण मुलांच्या विभागात नको म्हणाल्या.

लोक विचारतात, एवढी शिकलेली माणसं फसली कशी? मला त्यात आश्चर्य वाटत नाही. बुवाबाजीला अडाणी माणूस लागत नाही, दमलेला माणूस पुरतो. रोज तीस लाल ठिपके वाचणाऱ्याला कुणी सांगितलं की आता वाचायला नको, तर तो हात जोडतोच. मी जोडले होते. म्हणून सांगते, कुणी तुम्हाला कधीच न चुकणारी वस्तू दाखवली, मग ती औषध असो, अंगारा असो वा संगणक, तर टाळी वाजवण्याआधी एक मागणी करा. आमच्यासमोर हिला मुद्दाम चुकीचं काहीतरी द्या आणि ती नाही म्हणते का ते दाखवा. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या होकाराला काडीची किंमत नाही. आणि बरोबर उत्तर कोण लिहितो, ते विचारा. ज्याची परीक्षा आहे त्याच्या हातात ते कधीही देऊ नका.

मुलीच्या आईवडिलांना पत्र जायचं होतं. वकिलांनी मसुदा पाठवला, त्यात *अनपेक्षित तांत्रिक अडचण* असे शब्द होते. बाईंनी तांबड्या पेनाने ते खोडले आणि पेन माझ्यापुढे केलं. काय लिहायचं ते मला माहीत होतं, तरी लिहायला वेळ लागला. मी लिहिलं:

*यंत्रात दोष होता. आमच्या चाचणीने तो पकडला होता. तो इशारा वाचायचं काम आमचं होतं. आम्ही वाचला नाही.*

बाईंनी ते एकदा वाचलं, खाली सही केली, आणि शेजारी माझ्या सहीसाठी जागा ठेवली.